अंगण खरंच वाकडं आहे!

प्रश्न: एका वाचकाचं लांबलचक पत्र आलंय, थोडक्यात देतो. वय 28, नोकरी सांभाळून गेली चार वर्षं घरी इलेक्ट्रॉनिक म्युझिक करतोय. खोली जवळजवळ चौकोनी, साडेअकरा बाय साडेअकरा फूट, आणि टेबल असं लावलंय की तो बसतो बरोबर खोलीच्या मधोमध. सेटअप म्हणजे लॅपटॉप, दोन इनपुटचा इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडायचा डबा), एक कंडेन्सर माइक (बारीकसारीक आवाजही टिपणारा), पाच इंची मॉनिटर स्पीकर (मिक्स करताना ऐकायचे), छोटा मिडी कीबोर्ड आणि भिंतींवर दोन इंची फोम. धाकटी बहीण गाते, शास्त्रीय शिकलेली आहे. हार्ड डिस्कवर चाळीसेक प्रोजेक्ट पडलेत, बाहेर एकही आलेलं नाही. घरी ऐकताना बास कमी वाटतो म्हणून हा वाढवतो, तेच गाणं गाडीत लावलं की सगळं घुमतं, फोनवर किक (ड्रमचा खालचा धपका) गायब होते, आणि बहिणीचा आवाज "डब्यात तोंड घालून गायल्यासारखा" येतो. एका गाण्याचे तीसच्या वर टेक झाल्यावर बहीण म्हणाली, "आहे तसं टाक, नाहीतर मी दुसऱ्या कुणाबरोबर करते." मित्र म्हणतात, नाचता येईना अंगण वाकडं. आता याला विचारायचंय की महागडा माइक आणि आठ इंची मॉनिटर हप्त्यावर घ्यावेत, की सरळ प्रोफेशनल स्टुडिओ बुक करावा, की हा नादच सोडून द्यावा? आणि ता.क. मध्ये: रात्री वाजवलं की फोम लावूनसुद्धा शेजारचे ओरडतात.

उत्तर:

मित्रा, तुझ्या मित्रांनी ऐकवलेली म्हण तुझ्या बाबतीत अर्धीच लागू होते. तुझं अंगण खरोखर वाकडं आहे. बास, गाडी, डबा, यातलं जवळपास सगळं त्या खोलीतून आणि तुझ्या खुर्चीच्या जागेतून येतंय, आणि तू मात्र निघालायस नवी घुंगरं घ्यायला, तीही हप्त्यावर. पण चाळीस प्रोजेक्ट अर्धवट पडलेत ते काही अंगणामुळे नाही. हे दोन वेगळे प्रश्न आहेत, तू त्यांची गाठ मारून ठेवलीयस आणि त्या गाठीवर नवीन माइक हे उत्तर शोधतोयस.

आधी खोली घेऊ, कारण ते सोपं आहे आणि फुकट आहे.

आवाज हवेत सेकंदाला साधारण 343 मीटर जातो. तुझी खोली साडेतीन मीटरची. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये जी सगळ्यात खालची लाट अडकून बसते तिची निम्मी लांबी खोलीएवढी असते, म्हणजे 343 भागिले 7, आले 49 हर्ट्झ. कीबोर्डवर हा खालचा जी, ज्याला जी1 म्हणतात. या लाटेचा दाब भिंतींपाशी सगळ्यात जास्त आणि बरोबर मध्यावर जवळपास शून्य. आणि तू बसतोस कुठे? बरोबर मध्यावर. वर त्याच्या दुप्पट, 98 हर्ट्झला उलटं होतं, तिथे मध्यावर दाब भरपूर. म्हणजे तुझ्या खुर्चीत एक जी गायब आणि त्याच्या वरच्या सप्तकातला जी फुगलेला. खोली चौकोनी असल्यामुळे लांबीचा आणि रुंदीचा आकडा एकच येतो, त्यामुळे घोळ वाटला न जाता एकाच जागी साचतो.

माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, स्वतः करून बघ. सिंथवर साधी साइन वेव्ह (एकाच फ्रिक्वेन्सीचा निखळ सूर) लाव, कुठलाही इफेक्ट नको, व्हेलॉसिटी (कळ दाबण्याचा जोर) सगळ्या नोटांना सारखी, आणि खालच्या ई पासून, म्हणजे 41 हर्ट्झपासून, एकेक सूर चढत 98 च्या जी पर्यंत जा. प्रत्येक सूर तीन-चार सेकंद धर. व्हॉल्यूमला हात लावायचा नाही. कागदावर लिही की कुठला सूर मोठा वाटला, कुठला दबला. मग उठून मागच्या भिंतीला टेकून तोच प्रकार परत ऐक, जो सूर खुर्चीत मेला होता तो तिथे एकदम छातीवर येतो की नाही बघ (पाच इंची स्पीकर इतक्या खाली थकलेले असतात हे खरं, पण फरक कळतोच). मग हेडफोन लावून तेच ऐक. तिथे असे खड्डे पडणार नाहीत, म्हणजे सिंथ निर्दोष, खोली दोषी.

आता तुझ्या तक्रारी लाव याच्या पुढे. खुर्चीत खालचा बास ऐकू येत नाही म्हणून तू तो चार-पाच डीबीने (डेसिबल, आवाजाचं माप) चढवतोस, म्हणजे फाइलमध्ये तो खरोखरच जास्त आहे, आणि गाडीची छोटी बंद केबिन खालचा बास स्वतःच अजून उचलते, मग घुमणार नाही तर काय होणार. तुझ्या कानात काही बिघाड नाही. आणि आठ इंची मॉनिटर त्याच खुर्चीसमोर लावलेस तर ते 49 हर्ट्झ जास्त जोरात सोडतील, खड्डा मात्र जिथल्या तिथे, फक्त कोपऱ्यात आणि भिंतीपलीकडे बास वाढेल. थोडक्यात, तुझ्यापेक्षा शेजाऱ्याला तुझं गाणं चांगलं ऐकू येईल.

त्यामुळे एखादा रविवार काढ आणि टेबल हलव. एका भिंतीकडे तोंड करून बस, डोकं समोरच्या भिंतीपासून सव्वाचार-साडेचार फुटांवर, डावी-उजवी भिंत सारख्याच अंतरावर. लोक 38 टक्क्यांचा नियम म्हणतात तो हाच, म्हणजे खोलीच्या लांबीच्या साधारण 38 टक्क्यांवर कान. तो सुरुवातीचा अंदाज आहे, तिथून वीतभर पुढे, वीतभर मागे सरकून साइनची टेस्ट परत घे आणि जिथे सगळे सूर त्यातल्या त्यात समान वाटतील तिथे जमिनीवर टेप चिकटव. दोन स्पीकर आणि तुझं डोकं यांचा समभुज त्रिकोण, ट्विटर (स्पीकरमधला वरचे सूर काढणारा छोटा भाग) कानाच्या उंचीला. चौकोनी खोली कधीच आदर्श होणार नाही, पण मध्यावरून हलल्याने जो फरक पडेल तो कुठलाही नवा स्पीकर देणार नाही.

फोमबद्दल आता जरा कडू बोलतो. 100 हर्ट्झची लाट साडेतीन मीटरच्या आसपास लांब असते, तिला तुझा दोन इंची फोम दिसतसुद्धा नाही. असा फोम साधारण 500 हर्ट्झच्या खाली फारसं काही करत नाही, वरचं मात्र मस्त खातो. चारही भिंती फोमने भरल्या की खोलीतली चमक निघून जाते आणि 200 ते 500 हर्ट्झचा गढूळपणा तसाच राहतो. बहिणीचा आवाज डब्यात येतो ना, त्या डब्यात तुझ्या फोमचा वाटा मोठा आहे. व्हिडिओत मागे रंगीत दिवे आणि काळा फोम दिसला की स्टुडिओ वाटतो हे मान्य, पण तो कॅमेऱ्यासाठी आहे. तू असं कर, खुर्चीत बस, कुणाला तरी बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवायला सांग, ज्या जागी आरशात स्पीकर दिसेल तिथे शोषक हवा, बाकीचा फोम बराचसा काढलास तरी चालेल. आणि खर्चच करायचा असेल तर चार इंच किंवा जास्त जाडीचे रॉकवूलचे किंवा ग्लासवूलचे पॅनेल कापडात नीट गुंडाळून कोपऱ्यांमध्ये आणि मागच्या भिंतीवर, भिंतीपासून थोडी फट सोडून. माझ्या मते तुझ्या पैशाची पहिली जागा ही, माइकची नव्हे.

फोनवर किक गायब होते त्यात मात्र खोलीचा दोष कमी. फोनचा स्पीकर 200 हर्ट्झच्या खाली जवळपास काहीच काढत नाही आणि तुझ्या किकचा जीव 50-60 ला आहे. तिथे व्हॉल्यूम वाढवून उपयोग शून्य, उलट गाडीत अजून घुमेल. किकवर आणि बासवर थोडं सॅच्युरेशन (आवाज किंचित फाडणारा इफेक्ट) टाक, त्यातून 100, 150, 200, 250 असे वरचे हार्मोनिक्स, म्हणजे मूळ सुराच्या पटीतले सूर, तयार होतात आणि वरचे ऐकू आले की मेंदू खालचा सूर स्वतःच भरून घेतो. किकच्या सुरुवातीचा 'टक' दोन ते चार हजार हर्ट्झच्या आसपास असतो तो जिवंत ठेव. आणि मास्टर (सगळे ट्रॅक एकत्र होतात तो शेवटचा चॅनेल) मोनो करून, म्हणजे डावा-उजवा एकत्र मिसळून, एकदा सगळं गाणं ऐक, तुझा तो रुंद पसरलेला सिंथ मोनोत अर्धा गायब झाला तर डावा-उजवा एकमेकांना कापतायत असं समज आणि रुंदी कमी कर.

अजून एक सवय लावून घे. तुझ्या धाटणीची दोन तयार गाणी प्रोजेक्टमध्येच टाक आणि मिक्स करताना मध्येमध्ये त्यांच्यावर जा. मात्र ती मास्टर झालेली, म्हणजे शेवटचा हात फिरवून आवाज वाढवलेली असतात, तुझ्यापेक्षा बरीच मोठी वाजतात, त्यांचा फेडर (आवाजाची सरकपट्टी) खाली ओढून दोघांचा आवाज सारखा केल्याशिवाय तुलना करू नकोस, नाहीतर जे मोठं तेच चांगलं वाटत राहणार. कान असाच आहे. फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्येच दाखवलं होतं की हळू आवाजात आपल्याला बास आणि ट्रेबल कमी ऐकू येतो, आवाज वाढवला की तो भरून येतो. म्हणून बराचसा वेळ एवढ्याच आवाजात मिक्स कर की बाजूला बसलेल्याशी न ओरडता बोलता येईल. आणि स्पीकर भारी असल्याशिवाय होत नाही असं ज्याला वाटतं त्याने यामाहा एनएस-10 ची गोष्ट वाचावी, 1978 मध्ये घरगुती हाय-फाय म्हणून आलेला, ऐकायला मुळीच गोड नसलेला, बास जेमतेम असलेला तो पांढऱ्या कोनचा स्पीकर जगभरच्या स्टुडिओंत कन्सोलवर, म्हणजे मिक्सिंगच्या टेबलावर, जाऊन बसला, कारण इंजिनिअर लोकांना तो पाठ झाला होता. तुला तुझे पाच इंची अजून पाठ झालेले नाहीत, आणि मध्यावर बसून ते होणारही नव्हते.

आता बहिणीकडे येतो. तुझ्या पत्रात माइकवर भलामोठा परिच्छेद आहे आणि बहिणीवर दोन ओळी, आणि त्या दोन ओळींत तू असं धरून चाललायस की तिला क्वालिटीची पर्वा नाही. मला तसं वाटत नाही. जी मुलगी वर्षानुवर्षं गळा घासून शिकलीय तिला क्वालिटी कळते. ती गाणं ऐकतेय, तू साउंड ऐकतोयस, एवढंच असेल.

तीसच्या वर टेक का लागले याचा विचार केलास का? मी काही प्रश्न विचारतो, उत्तरं स्वतःशीच दे. ती गाते तेव्हा बफर (कॉम्प्युटर आवाज एका वेळी किती सॅम्पलच्या तुकड्यात हाताळतो ते) किती असतो? मिक्स करताना प्लगइन (इफेक्ट आणि वाद्यांची सॉफ्टवेअर) अडकू नयेत म्हणून 512 किंवा 1024 ठेवला असशील आणि रेकॉर्डिंगच्या वेळी तोच राहिला असेल. 44.1 किलोहर्ट्झला 512 सॅम्पल म्हणजे 11.6 मिलिसेकंद, आत येताना एकदा, बाहेर जाताना एकदा, झाले 23, वर कन्व्हर्टरचा वेळ, आणि मास्टरवर लुकअहेडवाला (आवाज आधी जरा थांबवून बघणारा) लिमिटर चालू असेल तर अजून काही. म्हणजे तिला स्वतःचा आवाज प्रत्येक वेळी किंचित उशिरा ऐकू येतो, यालाच लेटन्सी म्हणतात. गाणाऱ्याला हे शब्दांत सांगता येत नाही, तिला फक्त वाटतं की आज लागतच नाहीये, ताल मागे पडतोय, मग ती वैतागते, आणि तू म्हणतोस अजून एक टेक. इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरिंगचं बटण किंवा नॉब असतो, तो वापर, तिचा आवाज कॉम्प्युटरमध्ये न जाताच तिच्या कानात जाईल. नाहीतर बफर 64 किंवा 128 वर आण आणि जड प्लगइन बंद कर.

दुसरं, तिच्या हेडफोनमध्ये काय वाजत असतं? शास्त्रीय शिकलेली गायिका तानपुऱ्याच्या स्थिर षड्जावर कान ठेवून वाढलेली असते आणि तू तिला सात आवाज थोडे थोडे बेसूर करून एकत्र केलेला सुपरसॉ ऐकवतोस, वर कोरस, वर रिव्हर्ब. तो आवाज भव्य वाटतो, पण त्यात सूर नेमका कुठे आहे हे सापडत नाही. रेकॉर्डिंगपुरता तो सुपरसॉ म्यूट कर, त्याच कॉर्ड साध्या पियानोवर दे, खाली हळू एक ड्रोन (तानपुऱ्यासारखा सलग सूर) लावलास तर ती तुला दुवा देईल. ट्रॅकचा आवाज हळू ठेव, तिच्या आवाजावर ऐकण्यापुरता थोडा रिव्हर्ब (घुमारा) दे, रेकॉर्ड होताना तो छापू नकोस. एका कानावरून हेडफोन सरकवायचा असेल तर सरकवू दे, फक्त तो मोकळा कप गालाशी दाबून धरायला सांग, नाहीतर क्लिक (तालाची टिकटिक) माइकमध्ये येतो.

माइकची जागा हा पुढचा भाग. कार्डिऑइड (एकाच बाजूने ऐकणारा) माइक पाठीमागून सगळ्यात कमी ऐकतो आणि समोरून सगळ्यात जास्त, म्हणजे गाणाऱ्याच्या पाठीमागे जे असेल ते त्याला थेट दिसतं. लोक माइकच्या मागे फोमची कमान लावतात आणि गाणाऱ्याच्या मागे नागडी भिंत ठेवतात. तू उलटं कर, बहिणीला कपड्यांनी भरलेल्या उघड्या कपाटाकडे पाठ करून उभं कर किंवा तिच्या मागे जाड रजया टांग, भिंतीला चिकटवून नव्हे, जरा पुढे. लॅपटॉपचा पंखा माइकच्या पाठीशी. खोलीचा मध्य आणि कोपरा दोन्ही टाळ. अंतर वीतभर, मध्ये पॉप फिल्टर. जास्त जवळ आली तर खालचा फुगवटा वाढतो, लांब गेली तर खोली ऐकू येते. एवढं केल्यावर ईक्यूवर (इक्वलायझरवर) 80-90 हर्ट्झच्या खालचं कापून टाक आणि डबा उरलाच तर 300 ते 500 मध्ये दोन-तीन डीबी कमी कर. दहा-बारा डीबी कापावंसं वाटलं तर ईक्यू बंद कर आणि माइक हलव.

लेव्हलचं पटकन सांगतो. 24 बिटमध्ये रेकॉर्ड करत असशील तर मीटर लाल होईपर्यंत चढवायची काही गरज नाही, 16 बिटची रेंज कागदावर 96 डीबी, 24 ची 144. सगळ्यात मोठी तान -10 डीबीच्या आसपास पोचली तरी पुरे. ती अचानक तार सप्तकात गेली तर वर जागा राहते.

आणि त्या तीस टेकपैकी पहिले चार-पाच परत ऐका, दोघांनी मिळून, तिचा आवाज सोलो (एकटा) न करता, गाण्याबरोबर. बऱ्याचदा भाव तिथेच असतो, पंधराव्यानंतर नुसती सावधगिरी उरते. त्यातून ओळीओळीने चांगलं निवडून एक टेक बांध आणि निवडण्याचा शेवटचा शब्द तिचा असू दे. खोलीचा वास फारच येत असेल तर टेबल हलवल्यावर, लेटन्सी काढल्यावर नव्याने चार टेक घ्या. चारच. नंतर ट्रॅक लॉक.

आता चाळीस प्रोजेक्ट. इथे खोलीला दोष देता येणार नाही. तुझ्या पत्रात एक वाक्य आहे की "साउंड बरोबर झाला की पुढचं अरेंज करतो." हा क्रमच उलटा आहे. आठ बारचा (आवर्तनांचा) लूप तू तासन्‌तास ऐकतोस, स्नेअर (ड्रमचा कडक ठोका) बदलतोस, प्लगइन बदलतोस, आणि अंतरा कुठे आहे, गाणं कुठे थांबतं, हे ठरवायची वेळच येत नाही. साउंड कधीच 'बरोबर होत' नाही, कारण पुढे काय येणार हे माहीत नसताना स्नेअर बरोबर आहे की नाही हे कशावरून ठरवणार? ब्रेकडाउननंतर, म्हणजे गाणं मध्येच रिकामं होतं त्या भागानंतर, येणारा स्नेअर आणि सुरुवातीपासून वाजणारा स्नेअर यांची गरजच वेगळी. मला तर संशय आहे की प्लगइन बदलणं हा ठरवणं पुढे ढकलायचा सभ्य मार्ग आहे. संशय आहे म्हणतोय, तूच बघ.

करायचं असं. बहिणीबरोबर बसून चाळीसमधलं एक गाणं निवड, तीस टेकवालंच घ्यायला पाहिजे असं नाही. तो आठ बारचा लूप सगळेच्या सगळे ट्रॅक चालू ठेवून तीन-साडेतीन मिनिटं लांब पसरव आणि मग फक्त काढत जा. सुरुवातीला किक काढ, पहिल्या कडव्यात बास काढ, ध्रुवपदाच्या आधी चार बार सगळंच काढ. नवीन काही घालायचं नाही, पहिल्या बैठकीत तर नाहीच. तासाभरात गाण्याचा सांगाडा दिसेल, कच्चा असेल, पण त्याला सुरुवात आणि शेवट असेल. मग प्रत्येक सिंथ ऑडिओ फाइल म्हणून बाहेर काढ (बाउन्स कर), जुना प्रोजेक्ट सेव्ह करून बंद कर आणि नव्या रिकाम्या प्रोजेक्टमध्ये फक्त त्या ऑडिओ फाइली आण. प्लगइनची खिडकीच नाही म्हटल्यावर हात फेडरकडे जातो. आधीच्या लोकांना हे शहाणपण मशीनच शिकवायचं, टास्कॅमचा पोर्टास्टुडिओ, घरगुती कॅसेट रेकॉर्डर, 1979 मध्ये आला तेव्हा कॅसेटवर चार ट्रॅक मिळायचे, पाचवी गोष्ट हवी असेल तर आधीच्या तीन चौथ्यावर मिसळून टाकायच्या आणि मग ते मिश्रण बदलता यायचं नाही. ब्रूस स्प्रिंगस्टीनचा 1982 चा 'नेब्रास्का' तशाच मशीनवर घरी भरलेल्या डेमोंचा आहे, नंतर बँडबरोबर स्टुडिओत तीच गाणी करून पाहिली आणि शेवटी बाहेर आली ती कॅसेटच. आपल्याकडे त्याच वर्षी चरणजीत सिंग यांनी रोलंडच्या तीन मशीनवर, टीबी-303, टीआर-808 आणि जुपिटर-8, रागांचा अख्खा इलेक्ट्रॉनिक अल्बम केला. याचा अर्थ साउंड महत्त्वाचा नाही असा काढू नकोस, त्या मशीनचा साउंड भन्नाटच आहे. पण पर्याय तीनच होते म्हणून सगळा वेळ वाजवण्यात गेला.

तुझ्या तीन पर्यायांवर माझं मत. माइक आणि मॉनिटर हप्त्यावर घेऊ नकोस, खोली आणि लेटन्सी नीट करून दोन गाणी पूर्ण झाल्यावरसुद्धा माइक खटकत असेल तर तेव्हा उसना आणून त्याच कपाटासमोर दोन्ही माइक शेजारी लावून ऐक, मग ठरव. कंडेन्सर खोली फार उचलतो असं वाटलं तर डायनॅमिक माइक जवळून वापरून बघायला हरकत नाही, तो महाग असावा लागत नाही. स्टुडिओ बुक करायचा तर अख्खं गाणं तिथे 'शोधायला' जाऊ नकोस, तास मोजले जात असताना लूप ऐकत बसलास तर बहीण खरंच सोडून जाईल. अरेंजमेंट पक्की, पट्टी पक्की, शब्द पाठ, अशा अवस्थेत फक्त व्होकलसाठी अर्धा दिवस घेतला तर तो पैसा वसूल आहे. त्याहून मला आवडणारा पर्याय म्हणजे एक गाणं चांगल्या मिक्स इंजिनिअरला देणं आणि त्याच्या शेजारी बसायची परवानगी मागणं. फाइली 24 बिट वेव्ह, सगळ्या एकाच शून्य बिंदूपासून सुरू होणाऱ्या, नावं कळतील अशी, टेम्पो लिहिलेला, मास्टरवरचा लिमिटर काढलेला. तुझं स्वतःचं मिक्सही बरोबर दे म्हणजे तुला काय हवंय ते त्याला कळेल. आणि मास्टर करताना दाबून दाबून आवाज वाढवायच्या मागे लागू नकोस, स्पॉटिफायसारखे प्लॅटफॉर्म साधारण -14 एलयूएफएसला (कानाला किती मोठं वाटतं त्याचं माप) सगळं सारखं करून वाजवतात, ट्रू पीक (सगळ्यात उंच टोक) -1 डीबीच्या खाली ठेव आणि गाण्यात श्वास राहू दे.

सोडून देण्याचं म्हणशील तर, सोडायचं नेमकं काय? रात्री सिंथ फिरवत बसायला तुला आवडतं आणि त्यातून कधीच काही रिलीज झालं नाही तरी तो छंद म्हणून उत्तम आहे, त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. पण मग बहिणीला स्पष्ट सांग की मी नुसता खेळतोय, तिचा गळा आणि तिचे रविवार अडकवून ठेवू नकोस. आणि तिच्याबरोबर काढायचंच ठरलं तर तारीख तिला ठरवू दे, आणि चाल कुणाची, शब्द कुणाचे, रेकॉर्डिंग कुणाचं, वाटा किती, हे आत्ताच एका कागदावर लिहून दोघांनी सही करा. भावा-बहिणीत कसला कागद असं घरचे म्हणतील, म्हणू दे. ती दुसऱ्या कुणाबरोबर एखादं गाणं करणार असेल तर करू दे, परत येईल तेव्हा दुसऱ्याच्या सेटअपवर हेडफोनमध्ये काय ऐकू येतं हे तिच्याकडून तुला कळेल.

राहिले शेजारी. फोम आवाज खोलीतल्या खोलीत थोडा मऊ करतो, बाहेर जायचा थांबवत नाही. थांबवायला वजन लागतं आणि हवाबंद जोड लागतात, जाड भिंत, जड दार, दाराखालची फट बंद, आणि बाससाठी तर खोलीच्या आत सुटी दुसरी खोलीच बांधावी लागते. दाराच्या फटीला रबर लाव, स्पीकर टेबलावरून उचलून जाड पॅडवर ठेव, याने बोलण्याएवढा आवाज थोडा कमी जाईल. 49 हर्ट्झ जाणारच. त्यामुळे रात्री अरेंजमेंट, टेक निवडणं, एडिटिंग असली कामं हेडफोनवर कर आणि बासचे निर्णय दिवसा स्पीकरवर घे.